आकडा आणि अनुकंपा



१९३७ च्या डिसेंबरात जपानी सैन्याने चीनमधील नानकिंग येथे भीषण हत्याकांड आरंभिले. युद्धानंतर टोकियोच्या न्यायाधिकरणाने मृतांची संख्या २ लाखांहून अधिक मानली. नानकिंगच्या न्यायालयाने ३ लाखांहून अधिक. भोवतालची खेडी धरावीत काय, शरण आलेले सैनिक मोजावेत काय, यावर आकडा बदलतो. हा शोध आवश्यकच आहे, कारण सत्य हे आपले व्रत आहे. अतिशयोक्ती नको, तसा अपलापही नको. परंतु शस्त्र टाकलेल्यास ‘सैनिक’ म्हणून यादीतून वगळणे, हा त्याचा दुसरा वधच होय. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे, मृतांच्या संख्येशी नव्हे. आकडा घटला, म्हणून हिंसा घटत नाही.

जय जिनेंद्र!