विमान उचलण्याची विद्या



१९६७ साली आलेल्या ‘पायपर ॲरो’ या लहान विमानाची चाके आकाशात मिटतात. ती जमिनीवर मिटून पाहायची, तर विमान अधांतरी धरले पाहिजे. त्यासाठी दोन्ही पंखांखाली नेमलेल्या जागीच जॅक लावतात. इतरत्र लावला तर पातळ पत्रा फाटेल. इंजिन पुढे असल्याने नाक जड. म्हणून शेपटीला सुमारे २५० पौंड वजन बांधतात, नाहीतर नाक आपटेल. काम बंदिस्त हँगरात करावे. वाऱ्याची झुळूकही विमान ढळवते. दोन्ही जॅक बरोबरीने, हळूहळू चढवावेत. आत कोणी बसू नये. घाई केली, तर विमानापेक्षा खाली काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचे मोल द्यावे लागते. यंत्र दुरुस्त होते, श्रोतेहो, माणूस नव्हे.