फेल्स्पार आणि ‘रचना’ हा शब्द

भूविज्ञानाच्या एका विद्यार्थिनीच्या मराठी टिपणातले ‘संघटन’ आणि ‘संरचना’ हे दोन्ही शब्द खोडून मी सरसकट ‘रचना’ लिहिले. सोपे मराठी, दुसरे काय!

“सर, आता वाक्य ‘रचना सारखी, पण रचना वेगळी’ असं झालंय,” ती संकोचून म्हणाली.

सॅनिडीन आणि मायक्रोक्लीन या पोटॅशियम फेल्स्पारांचे रासायनिक सूत्र एकच. पण एकात ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या जागांची सरमिसळ, दुसऱ्यात त्या ठरलेल्या. क्ष-किरण विवर्तनात हा फरक उमटतो. संघटनाचा अंदाजही त्यातूनच येतो: पोटॅशियमच्या जागी आकाराने लहान सोडियम आला की अणूंच्या थरांमधले अंतर घटते, आणि तांब्याचे क्ष-किरण वापरले तर आलेखातले एक शिखर सुमारे २१ अंशांवरून २२ अंशांकडे सरकते.

मी दोन्ही शब्द तिच्यासमोरच परत लिहिले.