दसऱ्याला पुजलेला पोल आणि सटकलेला हात

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. कोड नाही, इंटरव्ह्यू नाही, नोकरीचं रडगाणं नाही. आज मी एका स्टीलच्या दांड्याबद्दल बोलणार आहे, आणि तो कशाने पुसायचा याबद्दल. हसू नका. या पुसण्यापायी माझं मनगट तीन आठवडे सुजलेलं होतं आणि मी डाव्या हाताने टाइप करत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मनोरची. मस्तान नाक्यावरून गावात शिरलं की बाजार, आणि बाजाराच्या मागे आमचं घर. बाबा मोटार रिवाइंडिंगचं काम करतात. मी बीटेक करून मुंबईत नोकरीला लागले, तिथे अंधेरीला पोल फिटनेसच्या क्लासला जायला लागले. मग वर्क फ्रॉम होम मिळालं, मी घरी आले आणि पोलही आणला. पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा, स्टेनलेस स्टीलचा, खालची फरशी आणि वरचा स्लॅब यांच्यामध्ये आवळून बसवायचा. माडीवरच्या खोलीत बसवला. वर पत्रा असता तर विषयच संपला होता. पत्र्याच्या किंवा पीओपीच्या छताखाली हा उद्योग कुणी करू नका.

आता आईचं ऐका. पोल म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, ते तुम्हाला कळलंच असेल. 2005 साली डान्सबारवर बंदी आली, तेव्हाच्या टीव्हीवरच्या बातम्या तिने बघितलेल्या. "शिकून सवरून हे काय घेऊन आलीस?" एवढंच म्हणाली आणि चार महिने माडीवर पाऊल ठेवलं नाही. मी तिला मल्लखांब दाखवायचे. शाळेत मी दोन वर्षं दोरीचा मल्लखांब केलाय, तेव्हा तीच डबा घेऊन बसायची. "आई, हा त्याचाच चुलत भाऊ गं." तिचं उत्तर ठरलेलं, "मल्लखांब देवापुढे करतात."

आणि मग दसरा आला. आमच्याकडे बाबांचे पाने, पकडी, वाइंडिंगचं मशीन, माझा लॅपटॉप, सगळ्याची पूजा होते. मी खाली रांगोळी काढत होते. वर गेले तर पोलला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि पोल नुसता चमकतोय. आईने आधी तो खोबरेल तेलाने पुसून काढला होता. गंजू नये म्हणून.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? चार महिन्यांनी ती वर आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हळदकुंकू कोरड्या फडक्याने पुसलं. पोल स्वच्छ दिसत होता. चढले, पाय वर घेतले, डोकं खाली केलं आणि दोन्ही हात एकदम सटकले. खाली जाड गादी होती म्हणून हनुवटीवर आणि मनगटावर भागलं. गादी नसती तर हे रेकॉर्डिंग झालं नसतं. आई धावत वर आली, मी म्हटलं, "काही नाही, घाम आला होता."

ती थाप होती. आज ती मी पहिल्यांदा कबूल करतेय, आणि आई हे एपिसोड ऐकते. आई, तुझी चूक नव्हती. कोरडं फडकं मी फिरवलं होतं.

मनगट बरं होईपर्यंत मी वाचत बसले आणि बाबांशी वाद घालत बसले. बाबांनी फार चांगला प्रश्न विचारला. "मल्लखांबाला तर मुद्दाम एरंडेल लावतात. मग तेलाने तू कशी पडलीस?"

खरंच लावतात. 2019 च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कला पहिली मल्लखांब विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होते, बघायला गेले होते. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या खेळाला नवं आयुष्य दिलं असं सांगतात, आणि त्याही आधी बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. म्हणजे तेल लावलेल्या खांबावर माणसं कित्येक पिढ्या चढतायत. मग मी पंचेचाळीस मिलिमीटरवरून का पडावं?

कारण खांब वेगळा. मल्लखांब सागवानी किंवा शिसवी, खाली जाड आणि वर निमुळता. लाकूड तेल थोडं पिऊन घेतं. तिथे पकड मांड्यांची, बगलेची, पायाच्या बोटांची असते. अंग लाकडावरून घासत फिरतं, तेल नसेल तर कातडी सोलून निघेल. आणि हाताला राळ लावतात. राळ हाताच्या उबेने मऊ पडते आणि चिकटते. स्टील तेल पीत नाही. तेल वरच बसतं, पातळ थर करून, आणि आपली सगळी भिस्त तळहातावर. कोरड्या फडक्याने तो थर जात नाही, फक्त सारखा पसरतो. वर छान चमकतोही.

मग मी डीबगिंगला बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोल तेलकट करायचा, एका वस्तूने पुसायचा, आणि नुसतं दोन हातांनी लटकायचं, पाय जमिनीपासून वीतभरच वर. हात किती वेळात घसरतो ते मोबाइलवर मोजायचं.

पहिलं, भांड्यांचं लिक्विड. तेल काढायला हेच खरं. चार थेंब कोमट पाण्यात पुरे. पण साबणाचाही थर राहतो, म्हणून नंतर साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं. मी पहिल्यांदा एकदाच पुसलं आणि तेलापेक्षा जास्त घसरले.

दुसरं, व्हिनेगर. यू-ट्यूबवर सगळे सांगतात. तेलावर ते जवळपास काहीच करत नाही. पण आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार भरपूर, किटलीत पांढरी पुटं धरतात. तसलेच डाग पोलवरही पडतात, ते व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून निघाले. पोल पितळी असेल तर मात्र जपून.

काच पुसायचा स्प्रे ठीकठाक. पितळ असेल तर अमोनियावाला स्प्रे नको, अमोनियाने पितळेला चिरा जाऊ शकतात. फिनाइल अजिबात नको, वास आणि तेलकटपणा दोन्ही मागे राहतात.

सॅनिटायझरने मला फसवलं. अल्कोहोल आहे, उडून जाईल, असं वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीतच 1.45 टक्के ग्लिसरॉल असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून. अल्कोहोल उडतं, ग्लिसरॉल पोलवर राहतं. जेल असेल तर घट्टपणासाठी घातलेला पदार्थही राहतो.

मग मनोरच्या मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं. आता गंमत बघा. ब्रिटिश फार्माकोपियातल्या सर्जिकल स्पिरिटच्या कृतीत काय असतं? एरंडेल! कातडीसाठी घातलेलं. बाबा पोट धरून हसले. त्यामुळे बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. हवं ते सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाकी काही न घातलेलं. ते तेल सोडवतं आणि मागे काही ठेवत नाही. पण पेट घेतं. आई खाली समई लावते, म्हणून मी खिडक्या उघडून, फडक्यावर थोडंसं घेऊनच पुसते. पोलवर ओतत नाही आणि लगेच चढतही नाही.

आता जे करायचंच नाही ते. बोईसरच्या एमआयडीसीत काम करणारे आमचे एक शेजारी म्हणाले, "बाथरूमचं ॲसिड मार, लख्ख होईल." लख्ख होईल, पण हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेस स्टीललाही खातं, बारीक खड्डे पडतात. ब्लीचनेही पडतात. आणि ॲसिड किंवा व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो फुप्फुसं जाळतो. दोन बाटल्या कधीही एकत्र करायच्या नाहीत. हे पोलपुरतं नाही, तुमच्या घरातल्या संडासालाही लागू आहे.

पोल स्वच्छ झाल्यावर उरतात आपले हात. त्या दिवशी बॉडी लोशन बंद, पायालासुद्धा, कारण पाय पोलला लागतात आणि मग हात तिथेच येतात. आपल्याकडे पावसाळ्यात हाताला घाम सुटतो, त्याला मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, जिम्नॅस्ट लावतात तीच. ती पाणी शोषते. जानेवारीत उलटं होतं. हात ठणठणीत कोरडे असले तरी सटकतात, कातडीला थोडा ओलावा लागतो. तेव्हा मी हात धुऊन, टिपून, दोन मिनिटं थांबून चढते. थंडगार पोलही निसरडा लागतो, आधी नुसत्या हातांनी चोळून ऊब आणायची.

आणि एवढं करूनही हात सुटत असेल तर बाटली ठेवून द्या. दंडात ताकद कमी आहे. मी त्या तीन आठवड्यांत ताकद गमावली होती आणि दोष पोलला देत होते.

परवा आई वर आली. पोलजवळच्या खिळ्याला अडकवलेलं फडकं तिने ओट्यासाठी नेलं होतं, ते परत आणून दिलं, धुऊन, वाळवून. कोपऱ्यात मार्करने लिहिलंय, 'खांबाचे आहे, हात लावू नये.' पोल नाही लिहिलेलं. खांब.

या दसऱ्याला हार वर, स्लॅबपाशी बांधायचं ठरलंय. कुंकू खालच्या चकतीला. तेल बाबांच्या पान्यांना. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.