मालकीचें रान

श्रोतेहो, रान म्हटलें कीं तें सरकारचें, अशी शहरांतील आपणां बहुतेकांची समजूत असते. रत्नागिरी जिल्ह्यापुरती ती खरी नाहीं. तेथील बहुतेक रान खासगी मालकीचें. सरकारी वन अगदीं थोडें. अशा रानांच्या मालकांचा एक मेळावा गेल्या माघांत संगमेश्वर तालुक्यांतील एका देवळाच्या सभामंडपांत भरला होता. आमच्या घराण्याचा एक वांटेकरी या नात्यानें मीहि तेथें गेलों होतों.

या रानांत ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा अशीं झाडें असतात. ऐन-किंजळींचा कवळ तोडावा आणि भाताच्या रोपांसाठीं राब भाजावा, ही जुनी वहिवाट. फांद्या गेल्या तरी खोड उभें राही. तुटल्या खुंटासहि पुन्हां धुमारे फुटत. आतां ठेकेदार सबंध रानच एकदम मागतो. एका वृद्ध शेतकऱ्यानें हिशेब मांडला, "सातबाऱ्यावर नांवें अठ्ठावीस, त्यांतले गांवांत तिघे. पैसे वांटले तर एकेकाच्या वांट्यास पोराची वर्षाची फीहि येत नाहीं. रान मात्र सगळ्यांचेंच जातें."

त्यावर मागून एक बाई उठल्या. "दादा, वणवा लागला कीं धांवायचें आम्हीं, आणि दुखणें आलें कीं कर्जहि काढायचें आम्हींच. मग रान राखायचें कशाच्या बळावर?" या प्रश्नास टाळ्यांनीं उत्तर देतां येण्याजोगें नव्हतें.

वृक्षतोडीचा १९६४ चा अधिनियम कांहीं जातींच्या झाडांस परवानगीवांचून कुऱ्हाड लावूं देत नाहीं. परंतु परवानगी मागावी कीं नाहीं, हें मालकानेंच ठरवावयाचें असतें. जुना बेहडा पोकळ झाला म्हणजे लांकूडतोड्यास तो कुचकामी वाटतो. धनेश पक्ष्याला मात्र तीच ढोली हवी. त्याला स्वतः ढोली कोरतां येत नाहीं. मादी आंत बसून दार लिंपून घेते. नर बारीक फटींतून तिला वड-उंबराचीं फळें भरवितो. त्याच फळांच्या बिया तो दूरवर टाकतो, आणि नवें रान उगवतें. शंभर वर्षांची ढोली तासाभरांत आडवी होते. ती पुन्हां घडविण्यास मात्र शंभर वर्षेंच लागतात.

सायंकाळीं तीन गोष्टी ठरल्या. ढोलीचीं व फळांचीं जुनीं झाडें कोणत्याहि सौद्यांत धरावयाचीं नाहींत. दर वर्षीं वणव्यापूर्वीं जाळरेषा काढावयाची. आणि त्या कामाची मजुरी मुंबई-पुण्याच्या वांटेकऱ्यांनीं द्यावयाची. या तिसऱ्या गोष्टीनें त्या बाईंच्या प्रश्नाचें पुरतें नव्हे, पण अर्धें तरी उत्तर मिळतें, असें मला वाटतें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकांचें नांव अशाच एखाद्या सातबाऱ्यावर असेल. गांवाहून संमतिपत्र आलें, तर सही करण्यापूर्वीं एकवार रान पाहून या. आणि सही नाकारणार असाल, तर जाळरेषेच्या मजुरींतील आपला वांटा अगोदर धाडा. राखणदारानें उपाशी राहावें आणि मालकानें दुरून अभिमान बाळगावा, ही कांहीं मालकी नव्हे.