अनुताईंची आठवण आणि आपले काम

(अनुताई वाघ यांच्या स्मृतिदिनानिमित्त नाशिक येथे झालेल्या शिक्षक व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



शाळेत एक समुपदेशक असावा, हा विचार आपल्याकडे अलीकडचा आहे. मूल गप्प का बसते, शाळा का चुकवते, घरी काय चालले आहे, हे विचारणारे माणूस आता शहरातल्या काही शाळांत असते. पाड्यावरच्या शाळेत ते अजूनही नसते. पण हे काम ज्यांनी आयुष्यभर केले, आणि ज्या वयात लोक आरामखुर्ची घेतात त्या वयातही सोडले नाही, त्या अनुताई वाघ आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात होऊन गेल्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची आठवण करताना आपल्या कामाबद्दलही थोडे बोलायचे आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य ठरलेले असे. घराचा कोपरा आणि दुसऱ्यांच्या मुलांची उठाठेव. अनुताई शिकल्या, प्राथमिक शिक्षिका झाल्या आणि नोकरीसाठी कुठे आल्या? आपल्या नाशिक जिल्ह्यात, चांदवडला. खेड्यातली शाळा आणि खेड्यातले दारिद्र्य त्यांनी शिक्षिका म्हणून आधी इथे पाहिले. पुढे पुण्यात हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. नावाजलेली शाळा, महिन्याचा पगार, शहरातले सुरक्षित जीवन. वयाच्या पस्तिशीपर्यंत त्यांनी एवढे मिळवले होते.

१९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचे एक शिबिर भरले होते. तिथे त्यांची आणि ताराबाई मोडकांची गाठ पडली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते आणि आता त्यांना ते खेड्यात न्यायचे होते. अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तीस वर्षांच्या. त्या दोघींची साथ पुढे ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे टिकली.

ते वर्ष लक्षात घ्या. त्याच १९४५ मध्ये डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उभे राहिले होते, वेठबिगारीविरुद्ध. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. अशा घरातल्या पोराला कुणी सांगितले, ‘बाळ, शाळेत ये,’ तर ते येणार कसे? दाराशी आलेला पांढरपेशा माणूस सावकाराचा नाहीतर सरकारचा, हेच त्या लोकांनी पाहिलेले.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली तेव्हा दलित वस्तीतली मुले येईनात. ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचे, तिथेच मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. या सभागृहातल्या अंगणवाडी सेविकांनी हे जरूर लक्षात ठेवावे. तुमच्या कामाच्या नावामागे दोन शिक्षिकांनी झिजवलेल्या चपला आहेत.

१९५६ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर आले, वारल्यांच्या पाड्यांमध्ये. इथे नवी अडचण. मोठी मुले गुरे राखायला जात आणि त्यांच्याहून थोडी लहान मुले आणखी लहान भावंडांना सांभाळत. बाई पाड्यावर गेल्या तरी मूल जागेवर नाही. म्हणून शाळा कुरणात गेली. गुरे चरताहेत आणि तिथेच झाडाखाली शिकणे चालले आहे, ती कुरणशाळा. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. धाकट्याला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण शेजारच्या वर्गात बसायचे. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा खडे, शिंपले, बिया, पाने ही साधने झाली. मुलांच्या ओळखीची, फुकट मिळणारी.

मित्रहो, मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला तेव्हा उपदेश कसा करावा हे आम्हाला नीट शिकवले. समोरच्याचे ऐकावे कसे, हे मी पुढे पाड्यांवर शिकले, आणि त्यात अनुताईंच्या कामाने मला फार मदत झाली. त्यांच्या कामातून मी तीन गोष्टी घेतल्या.

पहिली, मूल येत नाही याला कारण असते आणि ते कारण बहुतेक वेळा मुलाच्या हातात नसते. दुसरी, कारण शोधायला घरी जावे लागते, आणि ओळख होईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे लागते. तिसरी सर्वांत अवघड. कारण कळल्यावर मुलाला समजावत बसण्याऐवजी आपली वेळ, आपली जागा, आपली पद्धत बदलावी लागते. मुलाला बोलते करून त्याची अडचण वहीत लिहून ठेवली, पण शाळेत काहीच बदलले नाही, तर त्या बोलण्याचा मुलाला काय उपयोग?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेठ-सुरगाण्याची कुटुंबे द्राक्षबागांच्या छाटणीला निफाड-दिंडोरीकडे उतरतात. काही वीटभट्ट्यांवर जातात. आश्रमशाळेतली मुले दिवाळीला घरी जातात आणि सुट्टी संपल्यावर सगळी परत येत नाहीत. हजेरीपटावर आपण ‘गैरहजर’ लिहितो आणि पुढच्या नावाकडे वळतो.

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर चौथीतली एक मुलगी अशीच दिवाळीनंतर आली नाही. ‘पोरीला शिकायचंच नाही,’ असे शाळेकडून आम्हाला सांगण्यात आले. आमच्या बालवाडीताई तिच्या घरी गेल्या. पहिल्या दिवशी ती घरामागे पळाली. तिसऱ्या खेपेला आजी बोलली. आई-बाप बागेत कामाला, आजीला डोळ्यांनी दिसत नाही, आणि दोन वर्षांचा भाऊ कुणी बघायचा? ताईंनी त्या भावाला सकाळी बालवाडीत आणायला सांगितले. नियमाने तो लहान होता. ताईंनी त्याच्यासाठी कोपऱ्यात गोधडी अंथरली. दुसऱ्या आठवड्यात मुलगी शाळेत बसू लागली. ती आज आठवीत आहे.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्याच बालवाडीचा प्रश्न आज विश्वस्तांपुढे आहे. पटावर मुले थोडी आहेत, खर्च मात्र तेवढाच आहे. बालवाडी बंद करून तो पैसा तालुक्याच्या वसतिगृहाला द्यावा, असा विचार चालला आहे. वसतिगृह हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण वसतिगृहात मूल पोहोचते ते घरातून कुणी मोकळे केले तर. त्या गोधडीवरचा दोन वर्षांचा मुलगा पटावर कधीच नव्हता. त्याला मोजले नाही, तर त्याची बहीण शाळेत का आली हे हिशेबात कधी दिसणारच नाही. निर्णय घेण्याआधी विश्वस्तांनी एक सकाळ त्या पाड्यावर काढावी, एवढी माझी विनंती आहे.

शेवटी निवृत्त शिक्षकांशी दोन शब्द. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या तेव्हा अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरीत असत्या तर केव्हाच निवृत्त झाल्या असत्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्यांनी कोसबाडचा संसार चालवला. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, डोळे साथ देत नसताना, त्या बी. ए. झाल्या होत्या. बाहत्तराव्या वर्षी, १९८२ मध्ये, रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था सुरू केली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या आणि काम चालूच होते.

तुम्ही तीस-तीस वर्षे वर्ग सांभाळले आहेत. मूल वर्गात शिरताच त्याने सकाळी खाल्ले आहे की नाही, हे तुम्ही चेहऱ्यावरून ओळखता. ही विद्या पेन्शनबरोबर घरी ठेवू नका. आठवड्यातल्या दोन सकाळी द्या. जायचा-यायचा एसटीचा खर्च संस्था देईल. दिवाळीनंतर शाळेत न आलेल्या मुलांची यादी घ्या, एकेका घरी जा, बसा, चहा दिला तर प्या, आणि विचारा. लगेच शिकवायला लागू नका.

जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव, गाव आणि सोयीचे वार लिहावेत. पहिली फेरी भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सुरगाण्याला निघेल.