नवीन पिस्तूल, पडलेला स्कोअर: दोष नेमका कुठे शोधायचा?

आजचा भाग १० मीटर एअर पिस्तूलवाल्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आई-बाबांसाठी.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणलं. आता आमच्या नागपुरातही रेंजवर शाळेतली पोरं पोरी दिसतात. वर्षभर रेंजचं पिस्तूल वापरायचं, मग घरचे पैसे जमवून स्वतःचं घेऊन देतात. हात लहान म्हणून बरेचदा कॉम्पॅक्ट, म्हणजे आखूड आणि हलकं मॉडेल. आणि पहिल्याच महिन्यात स्कोअर खाली येतो. मग घरात एकच प्रश्न: पिस्तूल खराब निघालं का?

मी कोच नाही. मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि चार वर्षांपासून शनिवार-रविवार रेंजवर असतो. पण बिघाड शोधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्याची पद्धत इथे जशीच्या तशी चालते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे दिसलं ते लिहून ठेवायचं.

आधी मापं बघू. आपल्या टार्गेटवर दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची. त्यापुढे प्रत्येक रिंग त्रिज्येत ८ मिलिमीटरने वाढते. म्हणजे छर्रा ८ मिलिमीटर सरकला की एक गुण गेला.

आता कॉम्पॅक्टमध्ये काय होतं ते बघा. पुढची साइट आणि मागची साइट यांच्यातलं अंतर कमी होतं. समजा मोठ्या पिस्तूलवर ते ३६० मिलिमीटर होतं आणि नव्यावर ३०० आहे. पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर छर्रा किती सरकेल? मोठ्या पिस्तूलवर साधारण २८ मिलिमीटर, कॉम्पॅक्टवर ३३. चूक तेवढीच, पण बोर्डावर ती जवळपास २० टक्के मोठी होऊन दिसते.

याउलट, दोन्ही साइट एका रेषेत आहेत आणि अख्खा हात ५ मिलिमीटर हलला, तर छर्राही ५ मिलिमीटरच सरकतो. म्हणून कोच ओरडून ओरडून सांगतात की हात थोडा डोलू दे, साइट मोडू देऊ नको. कॉम्पॅक्टवर हा नियम आणखी कडक होतो, एवढंच.

आता एक उदाहरण. आमच्या रेंजवर अकरावीतली एक मुलगी आहे. रेंजच्या पिस्तूलवर ६० शॉटमध्ये ५५२ पर्यंत जायची. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून नवीन कॉम्पॅक्ट घेऊन दिलं. महिन्याभरात स्कोअर ५३१ वर. स्पर्धा तीन आठवड्यांवर. काका मला म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे. रविवारी येऊन राहिला. तोटा होईल, पण काय करता?" आणि पोरगी बाजूला उभी राहून हळूच म्हणाली, "दादा, पिस्तूल चांगलं निघालं तर मग मीच खराब ना?"

मला पैशापेक्षा हे वाक्य जास्त गंभीर वाटलं. कारण तिच्या डोक्यात दोनच पर्याय होते, आणि त्यातला एक तिचा खेळ बंद करणारा होता.

मी आधी हिशेब मांडला. २१ गुण, ६० शॉट. एका शॉटमागे ०.३५ गुण, म्हणजे बोर्डावर ढोबळमानाने ३ मिलिमीटर. कॉम्पॅक्टच्या साइटवर ही चूक केवढी? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी. वहीच्या पानाची जाडी असते ना, तेवढी. एवढ्याशा चुकीसाठी कोणी खेळ सोडत नाही.

मग कोचसमोर, रेंजवरच, एकेक चाचणी घेतली.

पहिली चाचणी पिस्तूलची. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून, पिस्तूल टेकवून पाच शॉट. आधी तिने मारले, मग दुसऱ्या अनुभवी नेमबाजाने. दोघांचीही पाच छिद्रं एकमेकांत मिसळलेली. अशा पिस्तूलसोबत कंपनीचं टेस्ट कार्डही येतं, ते शेजारी ठेवून बघा. टेकवूनसुद्धा छिद्रं पसरली असती तर आम्ही साइटचे स्क्रू ढिले आहेत का पाहिलं असतं, दुसरे छर्रे वापरून पाहिले असते, सिलिंडरचा दाब तपासला असता. इथे तशी गरज पडली नाही. रविवारचं गिऱ्हाईक तिथेच रद्द झालं.

दुसरी चाचणी ग्रुपची. इथे बहुतेक जण घाई करतात. शॉट खाली-डावीकडे गेले की लगेच साइटचा स्क्रू फिरवतात. तीही दर पाच शॉटनंतर फिरवत होती. पण ग्रुप कुठे आहे हा दुसरा प्रश्न आहे. ग्रुप केवढा आहे, हा पहिला. लहान ग्रुप एका बाजूला पडत असेल तर स्क्रू फिरवा, काम झालं. पसरलेला ग्रुप असेल तर स्क्रू फिरवून तो पसाराच फक्त दुसरीकडे जातो, आणि आधीचं काही ताडून बघायलाही उरत नाही. म्हणून साइट एका जागी आणून ठेवली आणि तिला सांगितलं, आठवडाभर हात लावायचा नाही.

तिसरी चाचणी कोऱ्या कार्डाची. काळं वर्तुळ नसलेला पांढरा कागद लावला आणि फक्त साइट बघून दहा शॉट मारायला सांगितले. ग्रुप लगेच लहान झाला. म्हणजे काळं वर्तुळ समोर आलं की तिची नजर पुढच्या साइटवरून टार्गेटवर पळत होती. त्याला एक कारणही सापडलं. आखूड पिस्तूलवर पुढची साइट डोळ्याच्या जवळ येते, म्हणून जाड दिसते, आणि खाचेत दोन्ही बाजूंना दिसणारी उजेडाची फट बारीक होते. ती फट नीट दिसेना म्हणून डोळा दुसरीकडे जात होता. मागची खाच थोडी रुंद केली. बहुतेक मॅच पिस्तूलवर ही सोय असते.

चौथी चाचणी ग्रिपची. डोळे मिटून हात नेहमीसारखा उचलायचा, एक श्वास थांबायचं, मग डोळे उघडायचे. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. तिची दर वेळी एकाच बाजूला गेलेली असायची. म्हणजे प्रत्येक शॉटला ती मनगट वळवून साइट जुळवत होती, आणि साठ शॉटपर्यंत ते मनगट थकणारच. ग्रिपही तिच्या हाताला मोठी होती. बोटाचं फक्त टोक ट्रिगरला पोचायचं. त्यामुळे ट्रिगर सरळ मागे न जाता डावीकडे ढकलला जायचा. कोचनी ट्रिगरचं पातं मागे घेतलं, ग्रिपचा कोन बदलला, आणि तळव्यापाशी लाकडाचं पुट्टी भरून आकार दिला.

पाचवी चाचणी झटक्याची. छर्रा कोच भरतील, कधी भरतील, कधी रिकामं ठेवतील, तिला कळणार नाही. रिकाम्या शॉटला पिस्तूलचं नाक खाली गेलं की समजायचं, हात आवाजाच्या आधीच घट्ट होतोय. तिचं नाक थोडंसं जायचं. त्याला औषध एकच, घरी रोज वीस मिनिटं ड्राय प्रॅक्टिस, पांढऱ्या भिंतीसमोर, छर्र्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून.

तर निकाल काय? पिस्तूल ठीक होतं, पोरगीही ठीक होती. पिस्तूल तिच्या हाताला बसवलेलंच नव्हतं. स्पर्धेत तिने ५४८ मारले. तिच्या जुन्या चांगल्या स्कोअरपेक्षा चार कमी. पण पिस्तूल घरात राहिलं आणि तीही रेंजवर राहिली.

आता कोणी म्हणेल, पिस्तूल कधी बिघडतच नाही का? बिघडतं ना. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तूलमध्ये बिघाड झाला. दुरुस्तीत बराच वेळ गेला. तिने ५७५ मारले, बारावी आली, फायनल दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्य घेतलं. फरक लक्षात घ्या. तो बिघाड सगळ्यांना दिसला, कारण पिस्तूल चालेनासं झालं. महिनाभर रोज थोडं थोडं खाली-डावीकडे जाणारं पिस्तूल बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं.

आपल्या नागपूरकरांसाठी एक जास्तीची सूचना. मे महिन्यात सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. आत साधारण २०० बार दाबाची हवा असते, आणि आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. ते धोक्याचं आहे. आणि दाब फार उतरला की शॉट खाली पडायला लागतात, तेव्हा सरावाआधी काटा बघायची सवय ठेवा.

शेवटी क्रम परत सांगतो, लिहून घ्या. टेकवून पाच शॉट. मग ग्रुपचा आकार. मग कोरं कार्ड. मग डोळे मिटून ग्रिप. मग रिकामा शॉट. साइटचा स्क्रू सगळ्यात शेवटी. हे सगळं रेंजवर, कोचसमोर करा. दोन रविवार लागतील, खर्च म्हणाल तर एक डबा छर्रे. एवढं झाल्याशिवाय पिस्तूल विकायचा विषय घरात काढू नका, आणि पोरांना तर अजिबात काही बोलू नका.

पुढच्या भागात छर्रे कसे निवडायचे यावर बोलू.