गल्लीचा कारभार आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या व्यासपीठावर राजकारण नको, असा आपल्याकडे संकेत आहे. पक्षाच्या राजकारणापुरता तो योग्यच आहे आणि मीही आज कोणत्याही पक्षाविषयी बोलणार नाही. परंतु नळाला पाणी किती वाजता यावे, मोहल्ल्यातील गटार कोणी उपसावे, मुलाला शिष्यवृत्ती मिळावी की नाही, हे प्रश्न कोणीतरी निवडून दिलेली माणसेच ठरवीत असतात. त्या अर्थाने राजकारण आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे. त्याच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

आपल्या मोहल्ल्यातील चहाच्या टपरीवर संध्याकाळी बसून पाहा. दिल्लीचे सरकार राहणार की पडणार, यावर तेथे तासन् तास चर्चा रंगते. मात्र त्याच टपरीसमोर तुंबलेल्या गटाराचा अर्ज कोणत्या कार्यालयात, कोणाच्या नावाने द्यायचा, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. दिल्लीची चर्चा जरूर करावी; पण गल्लीचा कारभार ज्याला कळत नाही, त्याच्या दिल्लीच्या चर्चेला फारसे वजन राहत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे चांगले कळले होते. बद्रुद्दीन तय्यबजी १८७३ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेले, १८७४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि १८८७ साली ते राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी शहर, मग शाळा आणि त्यानंतर देश. युसुफ मेहेरअली हे १९४२ साली मुंबईचे महापौर होते आणि त्याच वर्षीच्या 'भारत छोडो' लढ्यातले अग्रणीही होते. पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. शहराचा कारभार या थोर माणसांना कमी दर्जाचा वाटला नाही.

आता आजची व्यवस्था पाहू. १९९२ साली घटनेची ७४ वी दुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिच्यामुळे नगरपालिका व महानगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपविता येतील अशी १८ कामे दिली आहेत. त्यांत रस्ते, पाणी व आरोग्य आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे, दफनभूमीही आहे. म्हणजे माणसाच्या पहिल्या कागदापासून अखेरच्या जागेपर्यंतचा हिशेब नगरपालिकेशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात २०११ पासून या संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पाण्याची रांग ज्यांना उभी राहून माहीत आहे, अशा आमच्या भगिनींनी या जागांचा विचार स्वतः करावा. पतीच्या नावावर निवडून येऊन घरी बसण्यासाठी ही तरतूद झालेली नाही.

या संस्था नसल्या तर काय होते, हेही आपण नुकतेच पाहिले. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांचे वाद न्यायालयात गेले आणि निवडणुका लांबल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये, राज्यातील इतर महानगरपालिकांबरोबर. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. या काळात नागरिकाने तक्रार घेऊन जावे असा निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता. किती मोहल्ल्यांत यावर सभा झाल्या? किती जमातींनी निवेदने दिली? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान कोठे होत असेल, तर ते कागदात होते.

आपल्याकडे एकाच मुलाचे नाव जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'महंमद' आणि आधारकार्डावर नुसतेच 'मोहं.' असे असते. आईचे नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. 'शेख' कोठे नावाआधी, कोठे नावानंतर. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना प्रत्येक कारकून आपल्या कानाप्रमाणे लिहितो आणि आपण न वाचता सही करतो. ज्या धर्माची पहिली आज्ञाच वाचण्याची आहे, त्याच्या अनुयायांनी न वाचता सही करावी, हे शोभत नाही. मूल शाळेत असेपर्यंत ही चूक दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते. शाळा सोडल्यावर तेच काम फार जिकिरीचे होते.

कायदा आता अधिक काटेकोर झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना वगैरेंसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींचे दाखले देणे थांबविले आणि मालेगावच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमले. कोणी गैरप्रकार केला असेल तर त्याची चौकशी व्हावी. पण अशा वेळी निव्वळ आळसामुळे नोंद न केलेला गरीब माणूसही त्याच रांगेत उभा राहतो, हे विसरू नका.

मतदारयादीचेही तसेच. २०२५ साली बिहारमध्ये याद्यांची विशेष तपासणी झाली, तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे देण्यात आली. आपले नाव चुकून त्यात गेले असेल, तर ते कळणार कसे? यादी पाहिली तरच. भाड्याचे घर बदलणाऱ्या आपल्या वस्त्यांत हा प्रश्न अधिक आहे. नवे नाव नोंदविण्यासाठी नमुना ६, पत्ता किंवा नाव दुरुस्तीसाठी नमुना ८. मताचा हक्क १९८९ पासून अठराव्या वर्षी मिळतो आणि अर्ज सतराव्या वर्षीच आगाऊ करता येतो. बारावीच्या वर्गातील मुलामुलींनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.

राष्ट्रीय धोरणाचा संबंध थेट आपल्या घराशी कसा येतो, त्याचे उदाहरण शिष्यवृत्तीचे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला आणि त्यानंतर अल्पसंख्याक मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. २०२२ साली केंद्र सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांची शिष्यवृत्ती बंद केली. हे शिक्षण कायद्याने मोफतच आहे, असे कारण दिले. त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही थांबली. राज्यात २०१४ साली ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता त्याला हात लावला नाही, तरीही त्याचा कायदा झाला नाही आणि तो आपोआप संपला. याविषयी सनदशीर मार्गाने मागणी करीत राहणे आपला हक्क आहे.

पण जे हातात आहे, ते तरी आपण घेतो काय? बागवान, पिंजारी, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्यांना इतर मागासवर्गाच्या सवलती आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला त्यासाठी फार उपयोगी पडतो. आपले पालक या कामाला केव्हा लागतात? बारावीचा निकाल लागल्यावर, प्रवेशाला आठ दिवस उरले असताना! मग दलालाला पैसे द्यावे लागतात आणि प्रवेशही हुकतो. मूल आठवीत जाताच ही फाईल तयार करावी.

दलालाची गरजही नाही. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित दाखल्यांना मुदत घालून दिली आहे. मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते. अर्ज द्यावा, पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी. खिडकीवर आरडाओरड करण्यापेक्षा पोचपावतीत अधिक बळ असते.

शेवटी माझी संस्थेला एक नम्र सूचना आहे. दर वर्षी जून महिन्यात एक रविवार 'कागदपत्रांचा दिवस' म्हणून पाळावा. शिक्षकांनी जनरल रजिस्टर उघडावे, पालकांनी घरातील सर्व दाखले आणावेत आणि प्रत्येक मुलाचे नाव अक्षरन् अक्षर पडताळून पाहावे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या अशिक्षित आजी-आजोबांचे अर्ज लिहून द्यावेत. यासाठी इमारत निधी लागत नाही, मंत्रिमहोदयांची तारीखही लागत नाही. एक पेन आणि थोडा वेळ पुरेसा आहे.